दाजींचा बायसन

जनावराबद्दल वाईट बोलू नये, ते ऐकत असतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्याची थट्टा करायची नाही. त्याला काठीनं मारायचं नाही. शिकार मिळाली तर ‘मी मारला’ अशी फुशारकी मारायची नाही. ‘त्यानं स्वतःला दिलं’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. माणसांबद्दल मात्र कुणी काही शिकवलं नाही. त्यामुळं माझ्या जिभेला जी काही धार होती ती सगळी माणसांवर चालली, आणि त्यातली निम्मी तरी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, डॉल्फस दाजींवर.

मी बोनिफास. विलो लँडिंगमध्ये पाण्याचा टँकर चालवतो. आठवड्यातून दोनदा प्रत्येक घराच्या टाकीत पाणी सोडतो, त्यामुळं कुणाकडं काय शिजतं आणि कोण कुणाशी बोलत नाही हे मला पाद्र्याच्या आधी कळतं. आम्हा आदिवासींचं गाव दूर उत्तरेत, देहचो नदीच्या काठावर. दीडशे उंबरे, एक चर्च, एक दुकान, एक दवाखाना आणि बायसन. हो, बायसन, गव्यासारखी ती केसाळ धिप्पाड जनावरं, गावातच हिंडतात. चर्चच्या कोपऱ्याला पाठ घासून घासून त्यांनी फळ्यांचा रंग घालवलाय. पाद्री दर उन्हाळ्यात नवा रंग लावतो आणि वर प्रार्थनेत त्यांचा उल्लेखही करतो.

हा कळप सरकारनं वाचवला, असं सरकार म्हणतं. माझ्या बापाच्या वेळी दक्षिणेकडच्या कळपांत रोग शिरला, तेव्हा दीड डझन धडधाकट जनावरं निवडून गाडीत घालून इकडं आणली आणि कुरणात सोडली. त्यांची आता शेकड्यांनी झालीत. सरकारनं काय केलं? गाडीचं दार उघडलं. पुढचं सगळं बायसननी स्वतः केलं. पण फलक लागला सरकारचा, तोही चांगला दोन पुरुष उंच. दर दोन वर्षांनी वन्यजीव खात्याची माणसं विमानातून कळप मोजायला येतात. आमच्यात जनावर मोजत नाहीत. मोजलं की कमी होतं म्हणतात. खात्यात मोजलं की पगार होतो. ज्याचा त्याचा धर्म.

आता दाजी. वय एकसष्ट, अंगानं काटकुळे, शाळेची देखभाल करायचे. शाळा गरम ठेवणारी भट्टी त्यांच्याइतकी कुणाला समजत नसे. जाळी विणावीत तर दाजींनी, जंगलातली बोरं वेचावीत तर दाजींनी. पण बायसन? तीस वर्षांत एक नाही. बंदूक खांद्याला लावली की दाजींना विचार सुचायला लागायचे, आणि ते विचार संपेस्तोवर जनावर पुढच्या जिल्ह्यात. मी त्यांना ‘बोरवाले दाजी’ म्हणायचो. माझं ऐकून गाव म्हणायला लागलं. एकदा शाळेतल्या मुलांनी त्यांच्या वाढदिवसाच्या कार्डावर तेच लिहिलं आणि दाजींनी ते कार्ड भट्टीच्या खोलीत लावून ठेवलं. यावरून काय ते ओळखा. अशा माणसाला चिडवण्यात काही पुरुषार्थ नाही, पण मी तीस वर्षं नेटानं चिडवलं.

जुलैच्या शेवटी आमचा मेळा असतो. नदीवरची तीन गावं जमतात, ढोल वाजतात, म्हातारी माणसं भाषणं करतात आणि तरुण माणसं ती संपायची वाट बघतात. शनिवारी मोठं जेवण. त्या जेवणासाठी खातं एका बायसनचा परवाना देतं, फक्त एका नराचा. कुणी मारायचा, हे कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठी एखाद्या नवशिक्याची निघाली तर तो मुकाट्यानं कुणा जाणत्याच्या हातात देतो. असा रिवाज आहे, त्यात कमीपणा नाही.

त्या साली चिठ्ठी निघाली दाजींची. सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. दाजी आइसिडोर मामाकडं वळले, चिठ्ठी द्यायला हातही पुढं केला त्यांनी. आइसिडोर मामा म्हणजे गावातला सर्वांत जुना शिकारी, आणि सर्वांत जुना हट्टी. तो हात पुढं करणार तेवढ्यात मी मागच्या बाकावरून ओरडलो, “दाजी, ठेवा की तुमच्याकडंच! बोरं वेचता वेचता एखादा वळू टोपलीत पडेल!”

दाजींनी हात मागं घेतला. चिठ्ठीची बारीक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

“जातो मीच,” ते म्हणाले. “बघू.”

आल्बर्टीन ताईनं बाहेर आल्यावर मला गाठलं. “तुझी जीभ एक दिवस गळ्यात अडकेल तुझ्या.”

“अगं, गंमत केली.”

“तीस वर्षं गंमतच चालली आहे तुझी. त्यांच्याबरोबर जा आता तू, नाहीतर एकटे जातील.”

मी गेलो नाही. दाजींबरोबर शिकारीला जायचं म्हणजे दिवसभर त्यांचे विचार ऐकायचे. बाकी कुणी गेलं नाही, कारण सगळ्यांना माझ्यासारखंच वाटलं, किंवा मी सगळ्यांना तसं वाटायला लावलं होतं.

बुधवारी पहाटे दाजी आपली जुनी गाडी घेऊन उत्तरेच्या कुरणाकडं गेले. गुरुवारी दुपारी परत आले ते पाठीमागं ताडपत्रीखाली मांस घेऊनच. दोन फेऱ्या केल्या. एकट्यानं सोललं, एकट्यानं तोडलं. हात कोपरापर्यंत माखलेले, डोळे खोल गेलेले. गाव रस्त्यावर आलं. कुणी काही विचारलं नाही. कसा मिळाला, कुठं मिळाला, असं आमच्यात विचारत नाहीत. दाजी म्हणाले, “त्यानं स्वतःला दिलं,” आणि आइसिडोर मामानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मामानं माझ्या पाठीवर कधी ठेवला नाही, आणि मी नऊ आणलेत.

पहिल्या बायसनचं मांस शिकाऱ्यानं स्वतः चाखायचं नसतं. सगळं वाटून टाकायचं. जीभ गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला, म्हणजे सेलेस्टीन आजीला, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. मग म्हाताऱ्या माणसांच्या घरी एकेक तुकडा. बाकीचं हॉलच्या मोठ्या फ्रीझरमध्ये, शनिवारसाठी. दाजी घरोघर गेले. म्हाताऱ्या बायका त्यांचे हात हातांत घेऊन डोळ्यांना लावत होत्या. मी टँकरमधून बघत होतो. मला काय झालं ते सरळच सांगतो: माझ्या पोटात दुखलं. तीस वर्षं ज्या माणसावर माझं दुकान चाललं, तो एका दिवसात दुकान बंद करून बसला होता.

संध्याकाळी ताईच्या टाकीत पाणी सोडायला गेलो. ताई चुलीपाशी उभी होती. दाजींनी रक्ताचा डबा आणला होता, शनिवारच्या सुपासाठी. ती त्यात पळी फिरवत होती.

“बघ रे बोनिफास, अजून गोठलं नाही. पाण्यासारखं आहे नुसतं. आणि रंग तरी किती काळा.”

“गोठेल कसं?” मी म्हणालो. “आपल्याला डॉल्फस दाजींनी मारलं यावर त्याचा अजून विश्वास बसला नसेल.”

ताईनं हसून हातातलं फडकं मला मारलं. दाजी टेबलाशी बसले होते. तेही हसले. मग उठून डब्यापाशी आले, आत बघितलं आणि बघतच राहिले. मी नळी गुंडाळून निघालो. शिकारीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस मी. न गोठणारं रक्त समोर दिसलं आणि मला सुचला तो विनोद.

एवढ्यानं माझं भागलं नाही. दुकानात चारपाच जण उभे होते. मी म्हटलं, “वळू आडवा होता हो! दुपारची झोप घेत होता बिचारा. दाजींनी कानाशी जाऊन विचारलं, साहेब, मारू का? तो म्हणाला, मारा, पण आवाज करू नका.” दुकानदारीण हसून हसून गल्ल्यावर वाकली. बाहेर आलो तर दाजी पायरीवर, मीठ न्यायला आलेले. ऐकलं होतं त्यांनी. मला म्हणाले, “टाकी भरलीस ना ताईची?” आणि आत गेले.

शुक्रवारी दुपारी टेसाबाई आल्या. टेसाबाई म्हणजे खात्याच्या आमच्या भागातल्या अधिकारी. दक्षिणेतल्या, चाळिशीच्या आतल्या, चांगल्या बाई, पण प्रत्येक वाक्य कागदावर बघून बोलणार. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दुसऱ्या दिवशी जेवण, नदीवर होड्या लागायला लागलेल्या, बायका बॅनकच्या जाड भाकऱ्या थापतायत, आणि बाईंनी भिंतीवर नकाशा लावला.

“काल वैमानिकाला उत्तरेच्या तळ्याकाठी सात वळू मेलेले दिसले,” त्या म्हणाल्या. “आम्हाला काळपुळीची शंका आहे.”

काळपुळी म्हणजे गुरांतला फाशीचा रोग. मातीत वर्षानुवर्षं निजून राहतो आणि पावसानंतरच्या कडक उन्हाळ्यात उठतो. धुळीत लोळणाऱ्या वळूंना आधी धरतो. मेलेलं जनावर तसंच राहिलं तर कावळे-लांडगे ते चहूकडं पसरवतात, आणि ती जागा पुढच्या कळपासाठी विषारी होते. म्हणून प्रत्येक जागा शोधून जाळावी लागते. हे आम्हाला बाईंनी सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी कागदावर होतं तेवढं सगळं सांगितलं.

“लक्षणं लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. “चांगला दिसणारा नर कळपापासून वेगळा होतो. पाय ताठतात, पडतो. आणि रक्त गोठत नाही. पातळ, काळं राहतं.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. समोरच्या रांगेत ताई होती. तिची मान वळली, पण माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं. दाजी स्वतःच्या हातांकडं बघत होते.

“मेळ्यासाठी जो नर मारला,” बाई म्हणाल्या, “त्याचं मांस उद्या वापरू नका, अशी माझी विनंती आहे. तपासायला पाठवते. पाच दिवसांत निकाल येईल.”

“पाच दिवस?” आइसिडोर मामा उठला. “तीन गावं पाच दिवस उपाशी बसवू? बाई, तुमच्या खात्यानं आधी सांगितलं माशाचं काळीज खाऊ नका. मग सांगितलं खा, पण थोडं. मग सांगितलं नदीचं पाणी पिऊ नका. आम्ही अजून जिवंत आहोत, तुमचे तीन साहेब मात्र बदलून गेले.”

हॉल हसला. बाईंनी कागद उलटा केला; मागं काही लिहिलेलं नव्हतं.

“माझ्या बापानं मला एकच गोष्ट शिकवली,” मामा म्हणाला. “पडलेलं जनावर खायचं नाही. उभं असलेलं खायचं. जे आपल्या पायावर उभं आहे ते चांगलं आहे. डॉल्फसनं उभा वळू आणलाय. मी उद्या खाणार. ज्याला कागद खायचाय त्यानं कागद खावा.”

सगळीकडून माना हलल्या. म्हाताऱ्यांच्या रांगेतून सेलेस्टीन आजीचा बारीक आवाज आला, “मी तर निम्मी जीभ कालच खाल्ली. मऊ होती. उरलेली उद्या सकाळी.”

मी बोलायला हवं होतं. रक्त मी बघितलं होतं. ‘दुसऱ्याच्या शिकारीबद्दल आपण बोलू नये’ असा आमच्यात रिवाज आहे, आणि नंतर कित्येकांना मी तेच कारण सांगितलं. खरं कारण निराळं होतं. मला मजा येत होती. दाजींच्या कपाळावर घाम आला होता, आणि आता हे काय करतात ते मला बघायचं होतं. समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी विष खाऊन बसलेली, आणि मी तमाशाला तिकीट काढल्यासारखा बसलो होतो.

दाजी उठले. टोपी काढली.

“मामा, तो उभा नव्हता,” ते म्हणाले.

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

“काल बोनिफास दुकानात म्हणाला ते खरं आहे. आडवा होता. मला वाटलं झोपलाय. जवळ गेलो आणि मारला. उठला नाही तो. रक्तही गोठलं नाही, घरी आहे डब्यात. मला आणायला नको होतं. चूक झाली.”

आइसिडोर मामा दाजींकडं बघत खाली बसला, बसताना बाकाचा आधार घेतला. ताईनं मान खाली घातली होती. आणि मग त्या शांततेत माझी जीभ, माझी लाडकी जीभ, आपोआप सुटली: “अहो दाजी, निदान त्याला उठवायचं तरी!”

हॉल फुटला. पोटं धरून हसले लोक. घाबरलेली माणसं जास्त हसतात. दाजीही थोडे हसले आणि टोपी घालून खाली बसले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पडलेल्या जनावराचं मांस म्हटल्यावर वादच उरला नाही. फ्रीझर रिकामा झाला, मांस बाईंच्या गाडीत गेलं, फ्रीझर औषधानं धुतला. खाल्लेली चौदा माणसं नर्सच्या दारात रांगेत उभी राहिली, आणि साठ दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी गेली. सेलेस्टीन आजीनं उरलेली जीभ पातेल्यासकट आणली, नर्स नको नको म्हणत असताना दाजींच्या पुढ्यात ठेवली.

“घे बाबा तुझं,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला पडलेल्या जनावराची जीभ दिली.”

दाजी म्हणाले, “हो आजी.”

शनिवारी सकाळी, दाजींनी वळू मारला ती जागा जाळायला निघालो. गवत वाळलेलं, आग पसरायची भीती, म्हणून बाईंनी माझा टँकर मागितला. पुढं दाजींची गाडी, मग खात्याची, मग कोळसा आणि लाकूड घेतलेला ट्रक, मग माती उकरायचं यंत्र, शेवटी मी. दाजींबरोबर गाडीत बसायला कुणी तयार नव्हतं. बाई बसल्या, कारण त्यांना वाट माहीत नव्हती.

उत्तरेच्या कुरणात पोचलो. डोकं, आतडी, कातडं तिथंच पडलेलं, कावळ्यांनी गजबजलेलं. बाकीचे लाकडं उतरवत होते. मी नळी ओढत बाजूनं गेलो आणि सवयीनं जमिनीकडं बघितलं. माग बघणं हा माझा एकच गुण, तेवढा माझ्या जिभेनं खाल्लेला नाही.

विलोच्या झुडपांपाशी वळू बसल्याची दबलेली जागा होती. तिथून उठल्याचे ठसे. चार-सहा पावलं चाललेला, पुढचे पाय जरा ओढत. मग थांबला होता, खुरानं माती उकरली होती. आणि मग ठसे खोल गेले. पुढचे खूर बोटभर आत रुतलेले, मागं मातीची ढेकळं उडालेली, दोन ठशांत लांब लांब अंतर. धावला होता. सरळ रेषेत, चाळीस पावलं.

ती रेषा जिथं जात होती तिथं मी गेलो. रबरी बुटांचे दोन ठसे. एकमेकांशेजारी, नीट. टाचा रुतलेल्या. मागं सरकल्याची एक खूण नाही, बाजूला वळल्याची नाही. शेजारी एक रिकामं काडतूस, एकच. आणि त्या बुटांपासून सहा पावलांवर, जिथं टनभर वजनाचा प्राणी हनुवटीवर घसरत आला आणि थांबला, तिथं जमिनीत लांबलचक चर पडला होता.

मी नऊ बायसन आणलेत. सगळे लांबून, झाडाच्या आडून. तिथं मी असतो तर माझे ठसे नदीपर्यंत सापडले असते.

दाजी माझ्या मागं येऊन उभे होते.

“दाजी, हा उभा होता.”

“होता.”

“अंगावर आला तुमच्या.”

“तापानं भणाणला असेल बिचारा. मला वाटलं, चिडलाय नुसता. नंतर रक्त बघून मनात आलं काहीतरी, पण कळेना. बाई बोलल्या तेव्हा कळलं.”

“मग काल हॉलमध्ये खोटं कशाला बोललात?”

“मामा काय म्हणाला ऐकलंस ना? उभा असेल तर खाणार. उभा होता म्हटलं असतं, तर आज तीन गावं जेवली असती.”

“रक्ताचं सांगायचं होतं फक्त.”

“अर्ध्यांनी ऐकलं असतं, अर्ध्यांनी बाईंना नावं ठेवली असती. आडवा होता म्हटलं की प्रश्नच मिटला. आणि तू गावभर आधी सांगून ठेवलं होतंस, मला पटवावं लागलं नाही कुणाला.”

हे ते टोमणा म्हणून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना टोमणे येत नाहीत. सोय झाली, असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

“मी सांगतो सगळ्यांना,” मी म्हणालो. “मेळ्यात, सगळ्यांसमोर.”

“नको रे. मारला, धावून आला, असं सांगत नसतात.”

“तुम्ही नका सांगू. मी सांगणार.”

“तू?” दाजी म्हणाले, आणि माझ्याकडं जरा काळजीनंच बघितलं.

लाकडं रचून झाली. पेटवायच्या आधी दाजी पुढं गेले, रिवाजाप्रमाणं खिशातली तंबाखू चितेत टाकली आणि त्या डोक्याशी वाकून हळू काहीतरी बोलले. खात्याची माणसं घड्याळं बघत होती. मग यंत्रानं आसपासची वरची माती खरवडून आगीत ढकलायला सुरुवात केली. बसल्याची जागा गेली, चर गेला, चाळीस पावलं गेली. मी ओरडलो, “अहो, थांबा जरा!” यंत्रवाल्यानं इंजिन बंद करून विचारलं, “काय झालं?” बाईंना मी ते बुटांचे ठसे दाखवायला नेलं. त्या वाकून म्हणाल्या, “हो, इथलीही माती दूषित असणार,” आणि त्यांनी यंत्राला खूण केली. विज्ञानाला त्या ठशांत जंतू दिसले. बरोबरच होतं त्यांचं. तपासणीचा निकाल काळपुळीचाच आला, आणि रक्त ढवळलेल्या ताईच्या मनगटावर काळी खपली धरली, ती गोळ्यांनी बरी झाली. खाल्लेल्यांपैकी कुणी गेलं नाही. पण हे सगळं पुढच्या आठवड्यात.

शनिवारी संध्याकाळी जेवण झालं ते माशांचं. ऊन अजून नदीवर होतं. तीन गावं लांब टेबलांशी बसलेली, ढोलवाले चहा पीत होते. बातमी सगळीकडं पोचली होती. वरच्या गावातली माणसं डॉल्फस कोणता ते एकमेकांना बोटानं दाखवत होती. दाजी टेबलाच्या टोकाला मासा खात बसले होते. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, एकीवर फक्त ताई.

“ए बोनिफास!” पलीकडून कुणीतरी हाक मारली. “आडव्या वळूचं सांग की! आम्ही मुद्दाम आलोय ऐकायला!”

मी उठलो. उठलो तेवढ्यानंच चारदोन जण हसायला लागले.

“ऐका,” मी म्हणालो. “वळू आडवा नव्हता. उभा होता.”

हशा.

“चाळीस पावलांवरून अंगावर आला. मी माग बघितलाय.”

हशा वाढला. एका म्हाताऱ्यानं टेबलावर थाप मारली.

“दाजी हलले नाहीत! बुटांच्या टाचा रुतल्या होत्या जमिनीत! सहा पावलांवर आल्यावर एकच गोळी घातली त्यांनी. आणि काल खोटं बोलले ते तुम्ही ते मांस खाऊ नये म्हणून!”

आता बायका रुमालानं डोळे पुसत होत्या. ढोलवाल्यांपैकी एकानं ढोलावर दोन टिपऱ्या हाणल्या. “सहा पावलांवर!” कुणीतरी किंचाळलं. “टाचा रुतल्या!”

“अरे, मी खरं सांगतोय!” माझा आवाज फाटला. “देवाशपथ खरं!”

“बघा, बघा, तोंड कसं ठेवलंय,” आइसिडोर मामा शेजाऱ्याला म्हणाला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं होतं. “जरा म्हणून हसत नाही. असा माणूस तीन गावांत नाही.”

मी दाजींकडं बघितलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली, राहू दे म्हणून, आणि काटा बाजूला ठेवला.

ताई उठून माझ्याजवळ आली. मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं तिनं.

“बास झालं, बोनिफास,” ती हळू म्हणाली. “पडलाय आता तो माणूस. आणखी किती मारशील?”

“ताई, तुझी शप्पथ. मी ठसे बघितले.”

“माहीत आहेत मला तुझ्या शपथा,” ती म्हणाली, आणि दाजींची टोपी उचलून त्यांना घरी घेऊन गेली.